फणसाच्या फळ्यांचं कॉम्प्युटर कॅबिनेट, खाऱ्या हवेत टिकेल का?

पडवीतली (दापोली तालुका)
९ मार्च, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, आधी गाऱ्हाणं ऐकून घ्या.

घर समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर. धंदा लग्नपत्रिका, बॅनर आणि शूटिंगचं एडिटिंग. लग्नं, मुंजी, शिमग्यात पालखी नि नमन. कॉम्प्युटर दिवसाचे दहा तास चालू. या हवेने सात वर्षांत दोन कॅबिनेटं खाल्ली. पहिल्याचा तळ तिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटून गेला. एक दिवस झाडू मारायला उचललं तर रबरी पाय जमिनीवर आणि कॅबिनेट माझ्या हातात. दुसरं महागातलं घेतलं, काचेच्या दाराचं, रंगीत दिव्यांचं. दिवे मला नको होते, पण 'ताई, आता असंच येतं' म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलं. काच अजून नव्यासारखी आहे. पत्र्याला मात्र प्रत्येक भोकाभोवती तांबूस कडं. गेल्या आठवड्यात हार्डडिस्क बदलायला स्क्रू फिरवायला गेले तर स्क्रूबरोबर भोकच फिरलं.

आतला मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं ठणठणीत. मरतो तो डबाच. (सीपीयू म्हणजे खरं तर आतला प्रोसेसर, पण आमच्याकडे त्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. 'तुमचा सीपीयू गंजला' असं शेजारी हळहळून म्हणतात तेव्हा समजावत बसत नाही.)

आता लाकडाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या परसातला फणस आडवा झाला. कापा, आणि गऱ्याला नाव ठेवायला जागा नाही असा. तो पाडला नव्हता, पडला होता, म्हणून सासूबाईंनी ओंडका विकू दिला नाही. सहा महिन्यांनी गिरणीवर नेऊन फळ्या पाडून घेतल्या आणि माळ्यावर मध्ये रिपा घालून रचून ठेवल्या. मागच्या दाराला लागल्या तेवढ्या लागल्या. आता चार उरल्यात. पाचेक फूट लांब, बारा ते चौदा इंच रुंद, इंचभर जाड. पाडल्या तेव्हा हळदीसारख्या पिवळ्या होत्या, आता मधाच्या रंगावर आल्यात.

माझे बाबा सुतार होते. त्यांची पेटी माझ्याकडे आली, कारण भावाला नको होती. दोन रंधे, पाच पटाश्या, गुण्या, खतावणी, करवती. बाबांनी मला हातात धरून काही शिकवलं नाही, पण शाळेतून आल्यावर भुश्यात बसून बघायचे. रंधा मारता येतो. पाट केलाय, फळीचा रॅक केलाय. यापलीकडे दावा नाही.

मापं अशी: बोर्ड मायक्रो-एटीएक्स, २४४ बाय २४४ मिमी. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, नेहमीचा, १५० रुंद, ८६ उंच, १४० लांब. कार्ड २४० लांब. प्रोसेसरवरचा पंखा बोर्डापासून १५५ वर येतो.

माझा बेत: चारी फळ्या रंधून फेविकॉलने डबा सांधायचा, बोर्ड सरळ फळीवर स्क्रूने बसवायचा, पुढे-मागे १२० मिमीच्या पंख्यांना भोकं पाडायची. नवरा म्हणतो पेटेल. दीर म्हणतो पावसाळ्यात फुगून बोर्ड मोडेल. सासूबाई म्हणतात चांगलं लाकूड असल्या कामाला लावू नको. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

---

फास्ट_लोकल
१० मार्च, सकाळी ८:१५

ॲल्युमिनियमचं कॅबिनेट घ्या. गंजत नाही. विषय संपला.

(लाकूड पेटतं की नाही याची चाचणी कृपया राहत्या घरात करू नये.)

---

संकोचपट्टी (कोल्हापूर)
१० मार्च, दुपारी २:३०

ताई, तुमच्या घरात एकटे दीरच बरोबर आहेत, तेही अर्धेच.

मी ३१ वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होतो. ओतकामाचे लाकडी नमुने करायचे, हेच काम. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण दहा मिलीमीटर आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी वाढीव असते. तिला संकोचपट्टी म्हणायचं, माझं इथलं नाव तिथूनच आलंय. सांगायचा मुद्दा, कुठली वस्तू किती हलते हे बघण्यातच आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर नातवासाठी लाकडी कॅबिनेट केलं. पहिलं चुकलं, दुसरं चार वर्षं चालू आहे. पहिलं कसं चुकलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या बेतात काय खोट आहे ते कळेल.

मीही बोर्ड सरळ फळीवर बसवला होता. सागाची फळी, चांगली मुरलेली. जानेवारीत केलं, ऑगस्टमध्ये कार्ड स्लॉटमधून तिरकं झालं आणि पडद्यावर काही दिसेना. कारण लाकूड लांबीत हलत नाही म्हणा, पण रुंदीत, म्हणजे रेषांना आडवं, हवेतली ओल पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात परत आकसतं. फूटभर रुंदीच्या फळीत तीन-चार मिलीमीटरचा फरक मी स्वतः मोजलाय, तोही कोल्हापुरात. तुमच्याकडे पाऊस आमच्या कितीतरी पट. बोर्ड मात्र उन्हाळा-पावसाळा २४४ चा २४४ च राहतो. फुगणाऱ्या वस्तूला न फुगणारी वस्तू चार ठिकाणी आवळून धरली, की एकाला मोडावंच लागतं. लाकूड सहसा मोडत नाही.

म्हणून आतलं सगळं पत्र्यावर. लाकूड म्हणजे अंगरखा, त्याने हाडांचं काम करायचं नाही.

पत्रा कुठला? तुमचाच गंजलेला. ते दुसरं कॅबिनेट फेकलं नसेल तर त्याची पाठ आणि बोर्ड बसतो तो उभा ट्रे तेवढा सोडवून घ्या. पॉप रिवेट असतात, चारच्या ड्रिलने डोकी उडवली की सगळं सुटतं. काचेचं दार, पुढचा भाग, तळ, सगळं भंगारात. उरतो तो इंग्रजी एल आकार. तो घासायचा, रेड ऑक्साइड मारायचा, वर एक हात रंग. हे करायचं आणखी एक कारण आहे. बोर्डाच्या मागच्या सॉकेटांभोवती जी पातळ पट्टी येते, तिची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ अशी असते आणि ती पट्टी मिलीमीटरभर पत्र्यातच चाप खाते. पाऊण इंच लाकडात ती बसणारच नाही. कार्डांच्या फटींमधलं अंतर २०.३२ असतं. लाकडात पटाशीने तो हिशेब सांभाळत बसण्यापेक्षा कारखान्याने पाडलेली भोकं वापरा. पंख्याच्या स्क्रूंचंही तेच. ते सेंटिमीटरभर असतात, पत्र्याच्या मापाचे.

आता लाकूड. तुमच्या चार फळ्या लागत नाहीत, एकच पुरते. कॅबिनेटच्या पाठीचं माप घ्या. बोर्डाचं नव्हे, पाठीचं! ती ४०० उंच, १८५ रुंद धरली, तर डब्याच्या दोन बाजू ४३० च्या आणि वर-खाली २२० चे तुकडे. बेरीज १३००. पाच फुटी फळी पंधराशेच्या वर जाते. एकाच फळीतून ओळीने चार तुकडे काढा, त्यांना एक-दोन-तीन-चार नंबर टाका आणि त्याच क्रमाने कोपरे सांधा. लाकडाची रेषा बाजूवरून वरच्या फळीवर, तिथून दुसऱ्या बाजूवर अशी चक्राकार फिरते. तीन कोपऱ्यांत सलग दिसते, चौथ्यात तुटते, तो कोपरा खाली भिंतीकडे ठेवा.

दिसायला हे सुंदर तर आहेच, पण करायचं कारण वेगळं. असं केलं की चारी तुकडे एकाच दिशेने फुगतात, पुढे-मागे. उंची नि रुंदी जागची हलत नाही. कोपरे एकमेकांशी भांडत नाहीत. आणि पत्र्याचा एल मागून ड्रॉवरसारखा आत सरकवायचा. पाठ लाकडाच्या मागच्या कडेला स्क्रूने पक्की. ट्रेचं पुढचं टोक तळाच्या फळीत पाडलेल्या खाचेत नुसतं उभं. स्क्रू नाही, फेविकॉल नाही. लाकूड पुढे गेलं तर जाऊ दे, पत्र्याला काही कळायचं नाही. एसएमपीएसखाली एक ठोकळा द्या, नाहीतर त्याच्या वजनाने पाठ वाकेल.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे. आधी बारीक भोक, मग स्क्रूला साबण. बाबांच्या पेटीत साबणाचा तुकडा असेलच, बघा.

---

पडवीतली
१० मार्च, रात्री ९:०५

संकोचपट्टी काका, पेटी उघडून बघितली. साबण आहे! वाळून दगड झालेला, त्यावर स्क्रूच्या आट्यांचे ओरखडे. मी इतकी वर्षं तो मेणाचा तुकडा समजत होते.

एल आकाराचं डोक्यात बसलं. पाठ मोजली, ३९८ बाय १८४. तुम्ही माझ्या घरात येऊन गेलात की काय?

दोन शंका. नवऱ्याचं पेटण्याचं अजून उत्तर मिळालं नाही. आणि पुढच्या बाजूला काय करू? मनात आहे खुर्चीला असते तशी वेताची विणलेली जाळी. दापोलीत विणून देणारे एक आजोबा आहेत.

---

संकोचपट्टी
११ मार्च, सकाळी ६:४०

पेटण्याचं: लाकूड आपसूक पेटायला अडीचशे अंशांच्या वर तापावं लागतं. तुमच्या डब्यातून बाहेर पडणारी हवा पंचेचाळीस-पन्नासची. प्रोसेसर स्वतः शंभराच्या आसपास पोचला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. लाकूड उष्णता बाहेर सोडत नाही हे खरं. पण पत्र्याच्या डब्यातही उष्णता भिंतीतून फारशी जात नाहीच, पंख्यातून जाते. तेव्हा पंखे नीट लावा. पुढून आत एक, मागून बाहेर एक, आणि पुढची जाळी मोकळी.

आगीची खरी भीती दुसरीकडेच आहे, आणि ती कोणी विचारत नाही. बाहेरून जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना स्वतः तापतं. बोळा केलेल्या चिंधीत ती ऊब अडकते. आमच्या शॉपमध्ये एका सोमवारी सकाळी दार उघडलं तर कोपऱ्यातल्या डब्यातून धूर. शनिवारी कोणीतरी चिंध्या कोंबल्या होत्या. कोणी काडी ओढली नाही, कसली वायर नाही. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. नवऱ्याला हे वाचून दाखवा.

पॉलिश: लाखेचं नको. तुमच्या हवेत पांढरं पडेल. तेल नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन). आणि आतून-बाहेरून सारखे हात द्या. लोक बाहेरून चार हात मारतात, आतून कोरं ठेवतात, मग एका अंगाने ओल शिरते आणि फळी खोलगट होते. करवतीने कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, तिथे दोन हात जादा.

वेताचं मन असेल तर करा, पण बुरशी येईल.

---

जुना_लाईनमन (चिपळूण)
११ मार्च, रात्री ८:२०

लाकडाबद्दल काकांपुढे बोलत नाही. विजेबद्दल बोलतो, वीज मंडळात जन्म गेला.

पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचा डबा, बोर्ड, पाठ, सगळं स्क्रूंनी एकमेकांना जोडलेलं असतं आणि थ्री पिनच्या अर्थला जातं. तुमच्या एल आकारातही एसएमपीएस पाठीलाच बसणार, म्हणजे जोड राहील. पण काकांनी सांगितलेला रेड ऑक्साइड तुम्ही सगळीकडे फासणार आणि तिथेच गोची होणार. रंगावर स्क्रू आवळला तर जोड लागेलच असं नाही. एसएमपीएसचे चार स्क्रू नि बोर्डाखालचे पितळी खुंट (स्टँडऑफ) बसतात तिथला रंग नखाएवढा खरवडा. वर भरवशासाठी एक हिरवी वायर, दीड स्क्वेअर एमएमची, दोन्ही टोकांना थिंबल (स्क्रूखाली आवळायचं धातूचं टोक) दाबून, एसएमपीएसच्या स्क्रूपासून ट्रेपर्यंत. वीस रुपयांचं काम आहे.

आता घरच्या अर्थचं. तुमच्याकडे जांभा. जांभ्यात अर्थिंग सहजी लागत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. घराचा अर्थ शेवटचा कधी तपासला? यूएसबीच्या तोंडाला किंवा मॉनिटरच्या केबलच्या धातूला उलटा हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थ मेलेला आहे. एसएमपीएसच्या आत फेज नि न्यूट्रलपासून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की बॉडीवर अर्धा दाब उभा राहतो, शंभर-सव्वाशे व्होल्ट. करंट नगण्य असतो, माणूस मरत नाही, पण तसं चालवूही नये. लाकडी डब्याने हे झाकलं जाईल, बरं होणार नाही. पत्रा हाताला लागत नाही म्हणून कळायचंच नाही एवढंच.

आणि ते पुढचं चालू करायचं बटण. जुन्या कॅबिनेटचं प्लॅस्टिकचं बटण लाकडात बसवायला जाऊ नका. बोर्डावरच्या त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकल्या की मशीन सुरू होतं, यापलीकडे त्या बटणात काही नाही. पाच व्होल्टसुद्धा पुरेपूर नसतात. दाराची बेल असते ना, तिचं दाबायचं बटण लावा. दाबलं की टेकतं, सोडलं की सुटतं. पितळी, जुन्या घाटाचं अजून मिळतं. फक्त दिव्याचं खटक्याचं बटण लावू नका. ते टेकलेलंच राहील, आणि चार-पाच सेकंदांत मशीन आपणहून बंद होईल.

---

ओकलंडचा_ओक
१२ मार्च, पहाटे ३:१०

इथून कॅलिफोर्नियातून वाचतोय, मजा आली. तुमचं काम थेट घराण्यातलं आहे. १९७६ साली ॲपल-१ विकला जायचा तो नुसता बोर्ड. ६६६.६६ डॉलर मोजून डबा नाही, की-बोर्ड नाही. घेणाऱ्याने घरी जाऊन सुतारकाम करायचं. स्मिथसोनियन संग्रहालयातल्या ॲपल-१ ला असाच लाकडी डबा आहे, वर नाव कोरलेलं. पहिल्या माउसचं कवचही लाकडाचंच होतं.

आता परत फॅशन आलीये. फ्रॅक्टल डिझाइन कंपनीने २०२२ मध्ये पुढच्या बाजूला अक्रोडाच्या पट्ट्या लावलेलं कॅबिनेट काढलं, माझ्याकडे तेच आहे. पण खरं सांगायचं तर लाकूड फक्त पुढच्या पट्ट्यांपुरतं, बाकी पत्राच. म्हणजे संकोचपट्टी काका म्हणतात तसा अंगरखाही नाही, नुसता कॉलर.

फोटो टाका.

---

पडवीतली
२४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

फोटो टाकायचा राहून गेला आणि साडेपाच महिने उलटले. लग्नसराई संपेपर्यंत हात मोकळा नव्हता. वर्तमान सांगते.

एल सुटायला एक दुपार लागली. सव्वीस रिवेट. गंज घासला तेव्हा ट्रे वाटला तेवढा खाल्लेला नव्हता. जे काही गेलं ते तळ नि पुढचा भाग. पत्रा पातळ तिथेच लावतात, असं माझं मत झालंय.

फळी रंधायला मात्र चार दिवस. फणस दिसतो मऊ, पण मध्येच रेषा उलटी फिरते. एका अंगाने रंधा लोण्यासारखा जातो, वीतभर पुढे गेला की कचकन कपचा उडवतो. पहिला कपचा उडाला तो नेमका पुढे दिसणाऱ्या बाजूवर. मग बाबांचं आठवलं. ते अशा जागी पातं केसाएवढं बाहेर ठेवायचे आणि फळी फिरवून उलट्या बाजूने यायचे. पातं घासून घासून काढलं. चौथ्या दिवशी कागदासारखे पापुद्रे निघायला लागले. पिवळे, ओले असल्यासारखे मऊ. मुलीने ते वहीत ठेवलेत.

कोपऱ्यांना एकमेकांत अडकणारे दाते पाडले, प्रत्येक कोपऱ्याला सात. पहिल्या कोपऱ्यात फटी राहिल्या, त्यात भुसा नि फेविकॉल भरला. चौथा कोपरा इतका चपखल बसला की सुकाच ठोकून परत काढताना घाम फुटला. काका, मी चौथा कोपरा भिंतीकडे न ठेवता पहिला ठेवलाय. रेषा तुटलेली दिसली तरी चालेल, माझ्या फटी दिसायला नकोत.

खोली रंधून ३०२ भरली. तुम्ही खाचेचं सांगितलं होतं त्यात मी एक भर घातली. ट्रेचं टोक जिथे संपतं, तिथे खाचेच्या कडेला टोकदार पेन्सिलीने खूण केली. एप्रिलमध्ये खूण नि पत्रा एका रेषेत. २१ जुलैला, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता तेव्हा, पाठ उघडून बॅटरी मारली. खूण तीन मिलीमीटर पुढे गेली होती. तीन! पत्रा जागच्या जागी, बोर्ड सरळ, कार्ड सरळ. दिराला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, 'मी सांगितलं होतं की नाही, फुगेल म्हणून.' आता याला काय बोलायचं?

तापमान: मे महिन्यात जुन्या काचेच्या डब्यात एडिट केलेला व्हिडिओ तयार होताना प्रोसेसर ८१ अंशांवर जायचा, यात ७६. कौतुक लाकडाचं नाही, पुढे आता काच नाही म्हणून.

आवाजाचं एक सांगायचंय, कारण कोणी इशारा दिला नव्हता. पहिल्या दिवशी चालू केलं तर सगळं शांत, आणि पंखे मध्यम वेगावर आले की डबा घुमायला लागला. बारीक, एका सुरात, हूऽऽ असा. वेग वाढला की बंद, कमी झाला की परत. सासूबाई म्हणाल्या, 'दक्षिणेत फणसाचे मृदंग करतात, मग तुझा डबा गाणार नाही तर काय?' शेवटी पंखा नि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून घातले. गाणं थांबलं.

अर्थ: लाईनमन काका, मुंग्या येत होत्या. मला वाटायचं कॉम्प्युटर असतोच तसा. वायरमनला बोलावलं तर घराची अर्थची तार खड्ड्यापर्यंत पोचतच नव्हती. चिरे काढताना कधीतरी तुटलेली. नवीन खड्डा विहिरीजवळच्या ओल्या जागेत घेतला. आता मुंग्या नाहीत. हिरवी वायरही टाकली, थिंबलसकट.

वेत: काकांनी सांगितलं तसं झालं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जाळीवर करडी लव. पुसली, परत आली. पंखा ती बुरशी आत ओढणार म्हणून काढून टाकली आणि फणसाच्याच बोटभर रुंदीच्या पट्ट्या उभ्या लावल्या, मागे स्टीलची डासांची जाळी. जाळी हवीच, नाहीतर पाल आत जाते. जुन्या कॅबिनेटमध्ये एक सापडली होती, जास्त तपशील देत नाही. वेत विणणाऱ्या आजोबांना वाईट वाटेल म्हणून त्यांना अजून सांगितलं नाही.

पितळी बेलचं बटण झकास बसलंय. त्याचा मात्र एक घोळ झाला. कॉम्प्युटर पडवीत, दारातून आत आलं की डाव्या हाताला. जुलैत मी आत चहा टाकत होते, बाहेर कॉम्प्युटरवर पालखीचा पाऊण तासाचा व्हिडिओ तयार होत होता. एक गिऱ्हाईक आलं, पत्रिकेचा नमुना बघायला. हाक मारली असेल, मला पावसात ऐकू आली नाही. त्यांना लाकडी खोक्यावर पितळी बटण दिसलं. सभ्य माणूस, एकदाच दाबलं. आत काही वाजलं नाही म्हणून परत दाबलं आणि या वेळी चांगलं धरून ठेवलं.

मी बाहेर आले तेव्हा ते मला म्हणाले, 'तुमची बेल बिघडलीये.'

आता सेटिंगमध्ये बटण एकदा दाबल्यास 'काहीही करू नये' असं ठेवलंय. धरून ठेवलं तर अजूनही बंद होतं, त्यावर इलाज नाही. म्हणून डब्याचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवलंय. म्हणजे चार दिवस रंधून काढलेली बाजू भिंतीला आणि फटींचा कोपरा लोकांना.

---

संकोचपट्टी
२४ ऑगस्ट, सायंकाळी ७:१५

पुढचं तोंड भिंतीपासून निदान वीतभर लांब ठेवा, तिथून हवा आत जाते. आणि त्या खुणेचं माप दिवाळीनंतर, कोरडी हवा सुटली की परत घ्या आणि इथे टाका. मागे किती येते ते मला बघायचंय. उरलेल्या तीन फळ्यांचं काय करताय?

---

पडवीतली
२४ ऑगस्ट, रात्री १०:३०

माप टाकते नक्की. एक फळी सासूबाईंनी मागितलीये, पाट हवाय. दुसरी नवऱ्याने मागितलीये, त्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला असाच डबा हवाय म्हणतो. त्याला चिंध्यांचं वाचून दाखवलं होतं. आता तो तेल लावायलाच घाबरतो.